कशेळ्याच्या दोन मुली

१९७९चं आंतरराष्ट्रीय बालवर्ष साजरं होत होतं, तेव्हाची गोष्ट. कर्जतच्या महिला मंडळातर्फे इंदूबाई जवळच्या कशेळे गावातल्या देवळात मुलींचा वर्ग घेत. एका सोमवारी सुंदरा आली नाही, मंगळवारीही नाही. ती पोर ताप असला तरी वर्ग चुकवत नसे. म्हणून इंदूबाई तिच्या घरी गेल्या.

सुंदराची आई गंगाबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. "पुन्याला गेली, वसतिगृहात. धर्माजीच्या मंडळाच्या वळखीनं. भाजीवाल्या मालोजीच्या टेंपोतनं धाडली."

इंदूबाईंना ते झोंबलं. धर्माजी बौद्ध वस्तीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, नेरळला रेल्वेत नोकरीला. आपल्या वर्गातली हुशार मुलगी याने परस्पर नेली, उद्या सभेत तिला उभी करून टाळ्या घेणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. वस्ती देवळापासून हाकेच्या अंतरावर होती. पण विचारायला त्या गेल्या नाहीत. मंडळाच्या बैठकीत मात्र म्हणाल्या, "त्या लोकांवर लक्ष ठेवायला हवं."

दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी धर्माजीच त्यांच्या कर्जतच्या घरी आला. बोलावलं तरी आत आला नाही.

"बाई, आमच्या नागूची विमल तुमच्या मंडळानं कुठं ठेवलीय? सुट्टीत येनार व्हती, आली नाय. तिची आई जेवत नाय."

"आमच्या मंडळानं?"

"मालोजी म्हनला, तुमच्या वसतिगृहात घातली."

"आमचं वसतिगृहच नाही. आणि सुंदराला तर तुम्ही नेलंत."

"कोन सुंदरा?"

हा काहीतरी लपवतोय, असं इंदूबाईंना अजून वाटत होतं. धर्माजीच्या चेहऱ्यावरही तेच होतं. अखेर तोच म्हणाला, "तुमचा माझ्यावर इस्वास नाय, माझा तुमच्यावर नाय. ऱ्हाऊ द्या. पन पोरी तर खऱ्या हायेत ना? चला, मालोजीला दोघं मिळून इचारू."

मालोजी कशेळ्याच्या बाजारात टेंपोत भाजी भरत होता. धर्माजीला बघून तो हसला. मागून इंदूबाई दिसल्या, तसं त्याचं हसू गेलं. सुंदरासाठी त्याने आधी एका मंडळाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याचं. दोन्ही मंडळं समोरच उभी. तिसरं नाव त्याला सुचेना. बाजारातली माणसं गोळा झाली. पोलीस आले, तेव्हा कुठे त्याने मुंबईतले पत्ते सांगितले.

सुंदरा एका घरात भांडी घासताना सापडली, विमल शेजारच्या इमारतीत. सुंदराच्या हातांची सालटं निघाली होती. इंदूबाई जवळ घ्यायला गेल्या, तर ती मागे सरकली.

"बाई, तुमीच धाडलंय ना मला? टेंपोत मालोजीकाका म्हनला, खरं तर हे बाईंचंच काम हाय, पळालीस तर बाई रागावतील. म्हनून ऱ्हायले."

परतताना इंदूबाई धर्माजीला म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी तुमच्याकडे यायला हवं होतं. तुमच्या वस्तीत पाय टाकणं माझ्या जिवावर आलं."

"मालोजीला ते ठाव व्हतं," धर्माजी म्हणाला. "म्हनून तर त्यानं सुंदराच्या घरी आमचं नाव सांगितलं, आमाला तुमचं. त्याची समदी मदार आपल्या अबोल्यावर."

पुढे दोन्ही मंडळं दर महिन्याला वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर एकत्र बसू लागली. मोहोपाड्याच्या कामगार वसाहतीतलं मंडळही येऊ लागलं. कुठलं मूल दिसेनासं झालं, कुणाची शाळा सुटली, हे तिथे उघड बोललं जाई. कुरबुरी होत्याच. पण गावातून मूल बाहेर पाठवायचं झालं, तर दोन मंडळांची माणसं आधी ते ठिकाण डोळ्यांनी बघून येत.

वाचकहो, संशय जरूर घ्यावा. मुलांच्या बाबतीत तर घ्यायलाच हवा. पण तो मनात कोंडून न ठेवता शेजारच्या दारी जाऊन विचारावं. मुलांचं भलं चिंतणारे जिथे एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे मुलं नेणाऱ्याला कुलूप तोडावं लागत नाही.