ताम्रगडाचा सातवा दरवाजा

माझी कन्या शेवंता दूरदर्शनच्या पेटीत गेली, तेव्हा मी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, अँटेना धरून उभा होतो. हे प्रारंभीच नमूद करतो, कारण तिला जाताना मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

आमच्या गल्लीत ही एकच पेटी आहे, म्हणून सारी गल्ली ती पाहायला आमच्या घरी जमते. दर रविवारी सकाळी तीवर ‘ताम्रगडाचा राखणदार’ ही बालकांसाठी हाताने रेखाटलेल्या हलत्या चित्रांची जुनी मालिका दाखवितात. मध्ययुगातील एक राजा गडाखालच्या भुयारात निद्रिस्त झालेला असून, त्याचा राखणदार घोड्यावरून येऊन प्रत्येक भागात एक दरवाजा बंद करतो, अशी ती दंतकथा होय. सातवा दरवाजा बंद झाला की आत राहिलेले सर्व जन राजासमवेत कायमचे निजतात. अँटेना दोन्ही हातांनी धरल्याशिवाय चित्र स्थिर राहत नाही, आणि ते कर्तव्य माझे आहे. त्यामुळे एकही भाग मी पाहिलेला नाही. दुपारी जेवताना शेवंता मला तो सांगते.

“आलं का?” मी धाब्यातल्या झरोक्यातून नित्याप्रमाणे खाली विचारले.

“आलं, आलं! हलू नका,” माझी पत्नी अनुसया खालून म्हणाली. मग म्हणाली, “अहो, शेवंता आत गेली.”

“आत कुठे?”

“पेटीत. घोड्यावर बसलीय त्याच्या मागं. म्हणतीय, अण्णांना दिसत नाही, तर मीच राखणदाराला घेऊन येते.”

खाली पेटीसमोर बसलेले शेजारचे निवृत्तीमामा हसले. “भागवतराव, पोरगी झ्याक दिसतीया की! तोंड तेवढं हलतंय, बाकी समदं गप. घरात कधी अशी बसली न्हाई.”

मी अँटेना सोडून जिन्याकडे एक पाऊल टाकले. तत्क्षणी खाली गलका झाला.

“मुंग्या आल्या! पोरगी पुसली की ओ!”

पडद्यावर वळवळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना आमच्याकडे मुंग्या म्हणतात. मी धावत परतून अँटेना धरली. शेवंता पुन्हा उमटली, असे मला सांगण्यात आले. मात्र तिचा डावा कान आला नाही.

“तिला म्हण, बाहेर ये.”

“म्हटलं. घोडा थांबत नाही म्हणतीय.”

तेव्हा माझी दृष्टी गल्लीकडे गेली. गल्ली सरकत होती. बाभूळ, मामांची म्हैस, पिठाची गिरणी. पुन्हा बाभूळ, पुन्हा म्हैस, पुन्हा गिरणी. या खेपेस गिरणीचे दार बंद होते.

“मामा, तुमची म्हैस दोनदा गेली.”

“चित्रात तसंच असतंय,” मामा जांभई देत म्हणाले. “एकदा काढलं की तेच फिरवत्यात.”

प्रत्येक फेरीत गल्लीतील आणखी एक दार लागत गेले. आमच्या गल्लीत दारे सातच आहेत, आणि शेवटचे आमचे. सहावे लागले तेव्हा झरोक्यातून मामांचे घोरणे ऐकू आले.

“अनुसया, सगळ्यांना घेऊन बाहेर पड!”

“हलू नका,” ती झोपेत म्हणाली.

मग घोडा आला. त्याच्याभोवती जाड काळी रेघ होती. राखणदाराला पाठ काढलेली नव्हती, म्हणून शेवंतेने हवेलाच धरले होते. धाब्याच्या कडेखाली येताच तिने एक हात वर केला. मी वाकलो तर तो सहज हाती लागणार होता.

“अण्णा,” केवळ तिचे तोंड हलले, “आलं का?”

“आलं,” मी म्हणालो आणि अँटेनावरचा उजवा हात सोडून खाली वाकलो.

तिची बोटे माझ्या मुठीत आली, कागदासारखी कोरडी. तिच्या मनगटाच्या पलीकडे केवळ मुंग्या होत्या, आणि खाली सातव्या, आमच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज झाला.