तपकिरी कागदाचा तुकडा

बाबांनी बुटांच्या गोदामात एकतीस वर्षं खोकी रचली. दबलेली, फाटकी खोकी ते घरी आणायचे, उलगडायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आमची गल्ली काढायचे. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती. शाळेत चित्रं काढल्याबद्दल मार तेवढा खाल्ला होता, आणि तो किती खाल्ला हे ते जरा वाढवूनच सांगायचे.

गल्लीतली एकूण एक खिडकी त्या पुठ्ठ्यांवर होती, आणि खिडकीत त्या घरची माणसं. बाळ जन्मलं की नवं डोकं यायचं. कुणी गेलं की बाबा मैद्याची खळ करायचे आणि त्या माणसावर तपकिरी कागदाचा तुकडा चिकटवायचे. "गेलेल्याला किती वेळ उभं ठेवायचं?" असं म्हणायचे.

आई आजारी पडली तेव्हा दोघांना मी माझ्याकडे आणलं. माझ्या दोन खोल्यांत बेचाळीस पुठ्ठे मावणार कुठे? एका मैत्रिणीच्या ओळखीनं संग्रहालयाची माणसं आली. न शिकलेल्या चित्रकारांचं एक दालन त्यांच्याकडे होतं. जतन विभागातल्या बाई पुठ्ठ्यांसमोर उकिडव्या बसल्या, त्या तासभर उठल्या नाहीत. खळीपायी पुठ्ठ्यांना कसर लागली होती.

"पिशव्यांत बंद करून दोन आठवडे गोठवू, म्हणजे किडे मरतील," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात, काका?"

"मी काढत बसलोय ना. खिडकीत कसा असेन?"

आई अंथरुणातूनच हसली. हसता हसता तिला खोकला आला.

तीन महिन्यांनी ती गेली. पंधराएक दिवस गेले. मग एका सकाळी बाबांनी खळ केली, डबीत भरली आणि मला म्हणाले, "चल, काम राहिलंय."

संग्रहालयात आमच्या घराचा पुठ्ठा लांबलचक टेबलावर ठेवला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती, कानामागे पेन्सिल खोचून. वाणसामानाची यादी करताना ती तशीच उभी राहायची. बाबांनी खिशातून डबी काढली, तशा बाई मध्ये आल्या.

"काका, आता याला हात लावता येत नाही. जसं आलं तसंच ठेवायचं, हेच आमचं काम."

"पण ती आता तशी नाहीये." बाबांचा आवाज चढला नाही. "मी खोटं काढत नाही, बाई."

बाईंनी डोळे पुसले. समितीला विचारते म्हणाल्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन मला आला. "समिती तयार आहे. चित्र त्यांचं, आणि ते स्वतः हयात आहेत. घरच्यांची हरकत नाही एवढं फक्त तुमच्याकडून हवं."

बाबा आत झोपले होते. मी फोन घेऊन जिन्यात गेले. आईचा एकही फोटो असा नव्हता, ज्यात ती ताठ, अवघडून उभी नाही. पुठ्ठ्यावरची आई मात्र माझी आई होती. मी म्हणाले, "हरकत आहे."

बाबांना नकाराचं पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं. म्हणाले, "त्यांचे नियम असतील." मी चपलांच्या दुकानांतून कोरी खोकी आणून दिली. त्यांनी ती आकारानं लावून भिंतीशी रचली, अगदी गोदामात रचायचे तशी. एकाही खोक्याला पेन्सिल लावली नाही. कधी मध्येच विचारायचे, "अजून उभीच असेल ना गं ती?" मी काहीतरी काम काढून उठायचे.

आठ महिन्यांनी तेही गेले.

मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, "तो कागद आता मी लावते."

"आता नाही लावता येणार," त्या हळूच म्हणाल्या. "ते हयात होते म्हणून जमत होतं. तुमचा हात म्हणजे त्यांचा हात नव्हे." मग त्यांनी कपाटातून फाइल काढली. "त्यांची इच्छा काय होती, ते मात्र यात लिहून ठेवता येईल. कायम राहील."

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. जिन्यातला फोनही सांगितला. तिथे त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हेही लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी सगळं मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली.