सगुणाबाईनं एकटीनं नाही जाळलं मला

मी डीपी बोलतेय. मोबाईलवर लावतात तो फोटो नव्हे बरं का! वडीगोद्रीच्या अलीकडच्या शिवारात दोन खांबांवर बसवलेली, विहिरींवरच्या मोटारींना वीज पुरवणारी डीपी. परवा भर दुपारी मी जळाले. त्याचं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटतंय, आणि ते मी बिलकुल फुटू देणार नाही.

मी आले तेव्हा काय थाट होता! हिरवागार रंग, नारळ, हळदीकुंकू. पंधरा मोटारी ओढायची माझी ताकद, आणि मोटारीही पंधराच. मग मोसंबीच्या बागा वाढल्या. एकानं तारेवर चोरून आकडा टाकला आणि दुसरी मोटार लावली. "एकानं काय व्हतंय?" म्हणाला. दुसराही हेच म्हणाला. तिसरा तर काही बोललाच नाही. माणसाचं मला मोठं नवल वाटतं. जो तो आपला एकच आकडा धरतो, ओझं मात्र मी सगळ्यांचं ओढायचं. असे तीस झाले.

भार वाढला की फ्यूज उडायचा. उडणारच, मला वाचवायलाच तो बसवलेला. पण पाणी अडलं की तातेरावांना दम निघायचा नाही. गावातलं वजनदार माणूस! त्यांनी फ्यूजची बारीक तार काढून जाडजूड तार बसवली. "आता बघू कसा उडतो!" सगळ्यांनी वाहवा केली. मी किती गुरगुरले, तेल गाळलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

सगुणाबाईनं तीन वर्षं मीटरच्या अर्जासाठी अंबडच्या वीज कचेरीत चकरा मारल्या, पण मीटर काही मिळालं नाही. यंदा तिच्या मोसंबीनं माना टाकल्या, तेव्हा तिनंही आकडा टाकला. एकतिसावा. आठव्या दिवशी मी गेले.

लगेच माझ्याच खाली बैठक बसली. तातेराव वायरमनला म्हणाले, "कल्याण, हिनं आकडा टाकला अन् डीपी जळाली. नवी आली की हिची तार लागू द्यायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाग वाळली तर त्या बाईनं खायचं काय? असा संताप आला म्हणता, पण अंगात वीजच नव्हती!

सगुणाबाई उठली. आपली तार काढून आणली आणि बैठकीच्या सतरंजीवर टाकली.

"हा माझा आकडा. चुकलं माझं, न्हाई म्हणत न्हाई. पर बाकीचे तीस माझ्या पदरात कामून टाकून राह्यले? आणा की आपापले!"

मग तातेरावांची म्हातारी आई, गोजरबाई, काठी टेकत शेताकडं गेली आणि तारांचं भेंडोळं घेऊन आली.

"आपले तीन हायेत रे," ती लेकाला म्हणाली. "अन् ती जाड तार तूच बसवल्ती. म्या बघत व्हते. बोलले न्हाई, ते माझं चुकलं."

कल्याणनं विचारलं, "आता बराबर सांगा, लाईन कुणाकुणाला न्हाई द्यायची?" सगुणाबाईची तार तोडायची गोष्ट तिथंच बारगळली.

आता मला न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली आलीय. दुरुस्त होईन की भंगारात जाईन, ठाऊक नाही. पण ऐका, माझं हे धूड उचलायला पंधरा जण लागतील. चला, लावा हात सगळ्यांनी. एकट्या सगुणाबाईला हाक मारू नका!