दोन चाकांची चार झाली

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि मला चार चाकं आहेत. हसू नका! जन्मले तेव्हा इतर स्कूटरींसारखी मलाही दोनच होती. उरलेली दोन कशी आली, ते सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

विठोजीरावांनी माझ्यासाठी नाव नोंदवलं आणि मी त्यांच्या दारात यायला नऊ वर्षं लागली. तोवर त्यांचं लग्न झालं, श्रीहर्ष जन्मला आणि शाळेतही जायला लागला. बेंगळुरूत त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या झाल्या, पण दारात स्वतःची गाडी अशी माझ्या रूपानेच पहिल्यांदा आली. एक्क्याऐंशी सालच्या खंडेनवमीला भाग्यलक्ष्मीबाईंनी मला झेंडूचा हार घातला आणि माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. जे. पी. नगरातली सगळी गल्ली बघायला जमली होती. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही, पण त्या एका दिवसावर मी बरीच वर्षं काढली.

विठोजीराव कचेरीत नकाशे काढत. माणूस शिस्तीचा. सकाळी मी रुसले, तर ते मला आपल्या अंगाकडे कलती करत, घटकाभर तशीच धरत, मग सरळ करून किक मारत. मी लगेच चालू होई. घरी परतल्यावर सीटखालचा कॉक, म्हणजे टाकीतलं पेट्रोल सोडणारी-अडवणारी कळ, बंद केल्याशिवाय ते पायरी चढत नसत. श्रीहर्ष अठरा वर्षांचा झाला आणि माझी किल्ली त्याच्या हाती आली, तेव्हा त्यांनी त्याला या दोनच गोष्टी शिकवल्या. संध्याकाळी तो फाटकातून आत आला, की ओसरीवरून हाक येई, "कॉक?"

"बंद, अप्पा," तो म्हणे. आधी कंटाळून, मग सवयीने.

श्रीहर्ष इंजिनिअरिंगला होता. त्याचा जिवलग मित्र गिरीराज, गल्लीच्या टोकाला राहणारा, मोठ्या हसण्याचा मुलगा. पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी दोघांनी मिळून एक बिअर घेतली. त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं. दुसऱ्या वर्षी दर शनिवार झाला. तिसऱ्या वर्षी वार राहिलाच नाही. माझ्या डिकीत पुस्तकांच्या जागी बाटल्या खडखडू लागल्या. मित्रांनो, चालवणाऱ्याचे हात मला कळतात. एके काळी मला पोटच्या पोरीसारखं जपून वळवणारे ते हात सकाळी सकाळी थरथरायला लागले, तेव्हा मी घाबरले. पण स्कूटरीने सांगावं तरी कोणाला?

एकदा भाग्यलक्ष्मीबाई डबा ठेवायला आल्या, तर डिकीत त्यांना बाटलीचं बूच सापडलं. त्यांनी ते पदराआड नेऊन केराच्या टोपलीत टाकलं आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. "हर्षा, स्वल्प सांभाळून जा रे," एवढंच त्या फाटकाशी म्हणाल्या. त्यांची माया मोठी होती, पण ते गप्प राहणं चुकलंच.

चौऱ्याण्णव साली तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर दुपारी बाराला सुटला आणि सगळे मारतहळ्ळीकडे निघाले. तिथे तेव्हा कसल्या कंपन्या न् कसलं काय! तळं, नारळाच्या बागा आणि मध्येच एखादं अर्धवट बांधलेलं घर. अशाच एका घरात त्यांची बैठक बसली. आत जाण्याआधी श्रीहर्षने माझा कॉक बंद केला. तेव्हा तो शुद्धीत होता.

चार वाजता बाहेर आला तो श्रीहर्ष निराळाच होता. गिरीराज तर भिंत धरून चालत होता. बापाची मोटरसायकल चालू करत तो ओरडला, "हर्षा, जे. पी. नगरला आधी कोण पोचतं बघू!"

"सरी, चालेल! आलोच बघ!" म्हणत श्रीहर्षने मला किक मारली. कॉक उघडायचं मात्र त्याच्या डोक्यातून पार गेलं.

कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर मी निघाले. नारळाची बाग संपेपर्यंत ते पुरलं, मग दोन आचके देऊन मी बंद पडले. तो मला शिव्या देऊ लागला. किका मारून दमल्यावर त्याला अप्पांचा उपाय आठवला. उतरून त्याने मला अंगाकडे कलती केली. रोज सकाळी माझं ओझं सहज पेलणाऱ्या त्या पायांत आता बळच नव्हतं. तो आडवा झाला आणि मी त्याच्यावर पडले. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

पुढे वाट बघत थांबलेल्या गिरीराजने मागे वळून बघितलं, तो हसला आणि पुढे गेला. रस्त्याच्या वळणापलीकडे खडीची लॉरी उभी होती. तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. श्रीहर्ष माझ्याखाली अडकून "गिरी! गिरी!" असं ओरडत राहिला, पण त्याला उठता येईना. बागेतली माणसं धावली आणि त्यांनी दोघांना इस्पितळात नेलं. गिरीराजचा जीव वाचला. डावा पाय मात्र गुडघ्याखालून गेला.

घरात मी पनवती ठरले. विठोजीरावांनी मला शिवाजीनगरला कल्लाप्पा मेस्त्रींकडे टेम्पोत घालून नेलं आणि म्हणाले, "ऐन वेळी दगा दिला हिने. विकून टाका."

कल्लाप्पांनी प्लग बघितला, टाकी बघितली आणि मग सीटखाली हात घातला. "राव, गाडीला काही झालं नाही. कॉक बंद आहे," ते म्हणाले. "चालू असता, तर तुमचा पोरगाही त्या लॉरीखाली असता. तुम्ही लावलेल्या सवयीने वाचला बघा."

विठोजीराव तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांनी मला विकलं नाही. त्या दिवसाबद्दल मी कल्लाप्पांची जन्माची ऋणी आहे.

पण मला चालवायलाही कोणी धजेना. दोन वर्षं मी ताडपत्रीखाली काढली आणि माझ्या पायदानावर मांजर दोनदा व्यायली. श्रीहर्षची दारू एका दिवसात सुटली, असं मी सांगणार नाही. डॉक्टरांकडे जाऊन, घरच्यांचा धीर घेऊन, मध्ये एकदा पुन्हा घसरून मग सुटली. तो रोज संध्याकाळी गिरीराजच्या घरी जाई आणि गिरीराज रोज दार लावून घेई. शेवटी एका रविवारी गिरीराज कुबड्या टेकत आमच्या फाटकाशी आला.

"का येतोस रे रोज? कीव करायला?" त्याने विचारलं.

श्रीहर्ष माझ्या ताडपत्रीवर हात ठेवून उभा होता. "कीव कसली! आपण दोघंही तेवढीच प्यायलो होतो, गिरी. माझा कॉक बंद होता, एवढाच फरक. पाय तुझा गेला, पण तो माझाही जायचा होता."

गिरीराजने कुबडीने ताडपत्री वर उचलली. "अजून चालते का ही म्हातारी?"

मित्रांनो, मी किती हरखले म्हणून सांगू! पुढच्याच आठवड्यात मी कल्लाप्पांकडे होते. त्यांनी माझ्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक बसवलं. किक आणि ब्रेक उजव्या पायाचे, ते गिरीराजचे शाबूत होते. आता मला कलती करता येत नाही आणि तशी गरजही पडत नाही. अडलेलं शेवटचं वर्ष त्याने माझ्यावरूनच कॉलेजला जाऊन पुरं केलं. आज तो नोकरीला जातो, तोही माझ्यावरून.

ज्यांनी मला वाट बघून आणलं, दुरुस्त केलं, भंगारात घातलं नाही, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तुम्ही माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही, ती घेणारे मला मिळाले. तुम्ही स्वतःची घ्या. त्या दुपारी श्रीहर्ष वाचला तो शहाणपणाने नव्हे, विसरला म्हणून. तसं विसरणं दर वेळी कामी येत नाही.

आजही संध्याकाळी गिरीराज आधी आमच्या दाराशी थांबतो. मागे श्रीहर्ष बसलेला असतो. विठोजीरावांना आता नीट दिसत नाही, पण माझा आवाज ते ओळखतात आणि ओसरीवरून हाक येते, "कॉक?"

"बंद, अप्पा," दोघं एकदमच म्हणतात.