सात राणीघरं

माहा नवरा शब्बीर घाटंजीत मोटरसायकली दुरुस्त करते. इंजिन खोललं का त्याले सारं समजते. तेवढ्यावरून त्याचा समज झाला का जगात जे खोलता येते ते सारंच त्याले समजते. मधमाशांची पेटीबी.

पेटी माही होती. बचत गटाकडून पाच दिवस ट्रेनिंगले मी गेलती, हा नाई. पन पेटी घरात आली त्या दिवसापासून मालक हाच. मी काई बोलली का म्हने, "तू चूप राह्य, तुले काय समजते?"

फेब्रुवारीत पळस फुलला अन् पेटी माशांनी ठसाठस भरली. म्या सांगतलं, "अवो, वरतून एक कप्पा ठेवा. जागा नाई राह्यली त्याईले. जागा नसली का जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन घर सोडते."

"खाऊनपिऊन सुखात आहेत. कायले जातीन?"

पोळ्याच्या खालच्या काठाले राणीघरं लोंबू लागली होती, भुईमुगाच्या शेंगेसारखी. नवीन राणी त्याच्यातच वाढते. सात मोजली म्या. याले दाखवाले गेली, म्हटलं आताच तोडली तं माश्या जात नाईत, तं हात झटकून गॅरेजात निघून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास निघाल्या ना बाप्पा! सारं अंगण माशांनी भरलं. दोनचार मिनिटं घुमल्या अन् भिंतीपलीकडं नंदकिशोरभाऊच्या शेवग्यावर जाऊन बसल्या. फांदीले घागरीएवढा घोस लटकला.

शब्बीर धावत आला. आधी भिंतीकडं पाह्यलं, मंग रागारागात पेटी खोलली अन् चाकूनं राणीघरं कापाले लागला. मी हात धरेपर्यंत सातही खाली पडली होती.

"अवो, काय केलं हे! राणी गेली ना त्याईची! आता एक तं ठेवा लागत होतं!"

"तूच म्हनत होती ना, राणीघर तोडलं का माश्या जात नाईत?"

"जायच्या आधी! गेल्यावर नाई! जुनी गेली, येनारी तुमी मारली. आता या पेटीत अंडे कोन घालन? तुमी?"

बह्याड मानूस! जवळ चप्पल असती तं फेकून मारली असती. आता एकच राणी उरली होती, अन् ते नंदकिशोरभाऊच्या झाडावर. तिले आनली तरच माह्या घरी मधमाशी राहनार होती.

नंदकिशोरभाऊ ऑफिसातून रिटायर झालेला मानूस. मी फाटक लोटलं तं हा कपाशीवर मारायच्या औषधाचा पंप पाठीवर घेऊन शेवग्याखाली उभा.

"अमिनाभाभी, तिथंच थांबा."

"भाऊ, पोट भरून निघाल्या आहेत. राखाले घर नाई, तं डसत नाईत. दहा मिनिटं द्या, घेऊन जाते."

"तुम्ही नाही. शब्बीरला पाठवा."

मले समजलं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या माश्या याच्या कूलरवर पानी प्याले जायच्या. हा सांगाले आला, तं शब्बीरनं भर चौकात याचा बाप काढला होता.

"त्यानं इथं येऊन माफी मागावी. अर्धा तास वाट पाहीन, मग फवारतो."

"त्याच्याकडून मी मागते माफी."

"तुमची नको."

घरी येऊन सांगतलं तं शब्बीर म्हने, "मरू दे माश्या. त्याच्यासमोर मी नाई झुकनार."

दोघाईले आपापल्या नाकाची पडली होती. माश्या कोनाच्याच लेखी नोत्या. मले असा संताप आला का डोळ्यात पानी आलं. टोपलं उचललं, त्याले आतून ओली चादर लावली अन् सरळ शेवग्याखाली गेली.

"भाभी, मी फवारीन हं!"

"फवारा. पहिले माह्या तोंडावर फवारा."

त्यानं नळी उचलली. तेवढ्यात त्याची बायको सुहासिनीताई बाहेर आली. स्टूल आनला, फांदीखाली ठेवला, अन् मी चढली तं धरून उभी राह्यली. म्या टोपलं घोसाखाली धरून फांदीले एक हिसका देला. धप्पकन सारा घोस टोपल्यात पडला. एकबी माशी डसली नाई.

गच्चीवर जुन्या खोक्यात पोळं बांधाले लाकडी चौकटी लावल्या अन् त्याईले ठेवलं. शब्बीरले बजावलं, "हे माही. खालची तुमची. माहीले हात लावाचं काम नाई."

खालच्या माशांनी पोळ्यात उरलेल्या अंड्यांवर पुन्हा दोन राणीघरं बांधली. त्याईनं आपली आपली सोय केली होती. शब्बीरनं तेही तोडली. म्हने, "अजून पळाची तयारी करून राह्यल्या!" मी गच्चीवरून पाहत होती. ओरडली नाई. मले काय समजते!

दहाव्या दिवशी हा वर आला. माह्या खोक्यात राणीनं अंडे घातले होते.

"खालच्या पेटीत काईच नाई वं," हळू आवाजात म्हने. "अंड्यावाली एक चौकट दे ना. त्याच्यावर माश्या नवीन राणी बनवतीन म्हनते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माह्याजवळ काई मांगतलं. अन् खरं होतं त्याचं. ते एक चौकट देली असती तं पेटी वाचली असती.

"नाई," मी म्हटलं.

तो जिना उतरून गेला. पुन्हा मांगाले आला नाई, अन् मी बी गेली नाई. दीड महिन्यात पेटीत मेन खानाऱ्या किड्याच्या अळ्या पडल्या. शेवटी शेवटी मूठभर माश्या दाराशी चढत अन् घसरत होत्या. त्याईनं माहं काय वाकडं केलं होतं? रोज पाहत होती मी, अन् रोज खाली जाचं टाळत होती.

परवा सुहासिनीताईनं भिंतीवरून विचारलं, "आता किती पेट्या आहेत हो?"

"एक."

"आणि खालची? ती कशी काय गेली?"

नवऱ्यानं मारली, असं सांगाले तोंड उघडलं. तो गॅरेजात पाना घेऊन वाकला होता, आयकत होता.

"एक चौकट मांगतली होती त्यानं," मी म्हटलं. "म्या नाई देली."