गुरुवारची ताजी कासवं

गुरुवारच्या बाजारात मेंढ्यांच्या पलीकडे इतकी गर्दी जमली होती, की पुदिना विकणाऱ्या बायकाही जुड्या टाकून टाचा उंचावत होत्या. मध्ये पांढराशुभ्र पायघोळ जेलाबा घातलेला सीदी बूश्ता बसला होता. पुढ्यात वेताची टोपली, टोपलीत मेंदी फासलेली कासवं.

"आज पहाटेची आहेत," तो सांगत होता. "टेकडीवरचा पीर चिखलाला हात लावतो, कासव होतं. कानात रोग सांगा, टेकडीवर सोडा, मागे वळून पाहू नका. कासव रोगासकट मातीत विरघळतं. पुढच्या गुरुवारी पीर नवं पाठवतो."

अ‍ॅटलस डोंगराच्या त्या पायथ्याला घरोघरी अंगणात एक कासव असायचंच. त्यात बरकत असते हे कुणाला पटवावं लागत नसे. बूश्ताने फक्त बरकतीला भाव लावला.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या यामनाला हे ऐकून नुसती चीड आली. ती लहान होती तेव्हा वसंतात त्या टेकडीखाली जव कापताना विळा कासवाच्या पाठीवर खणकन आपटायचा, आणि तिची आई कासव उचलून बांधावर ठेवायची. आता बकऱ्या राखणाऱ्यांनाही एखादंच दिसे. मग हा माणूस दर आठवड्याला टोपलीभर आणतो कुठून?

पण चिडून भागणार नव्हतं, कारण तिची लेक इत्तो त्याच गर्दीत उभी होती. इत्तोला क्षय होता. दवाखान्याच्या गोळ्यांनी ताप उतरला होता, अंगावर मांस चढू लागलं होतं. तेवढ्यात बूश्ताने सांगितलं, गोळ्या घेतल्या तर पीर रुसतो. इत्तोने गोळ्या सोडल्या. आता थुंकीत पुन्हा रक्त दिसत होतं.

यामनाच्या घरी नुझा नावाची मुलगी उतरली होती, विद्यापीठातून कासवांची संख्या काढायला आलेली. डोंगरावरची कासवं कशी मोजणार, म्हणून गाव तिला हसत असे. यामनाने विचारलं तेव्हा नुझाने हरभऱ्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. सगळे दाणे कोण मोजणार? मूठभर काढायचे, रंगवायचे, परत टाकून पोतं हलवायचं. पुन्हा मूठ भरायची. त्यात रंगीत दाणे फार निघाले, तर पोतं लहान. तिने दोरी धरून टेकडी सरळ रेषांत पालथी घातली होती. सापडलेल्या प्रत्येक कासवाच्या पाठीच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडली होती, प्रत्येकाला वेगळ्या जागी, आणि जिथल्या तिथे सोडून दिलं होतं.

इत्तो कासव घेऊन घरी आली, तशी यामनाने ते घंगाळात बुडवलं.

"आई, पिराची मेंदी आहे ती!"

"पिराला मेंदीची हौस कधीपासून?"

मेंदीखाली नुझाची खाच निघाली, उजवीकडे पुढच्या पायाजवळ. इत्तो म्हणाली, असेना का टेकडीवरचं, रोग नेल्याशी कारण. ती कासव सोडायला गेली, आणि सांगितल्याप्रमाणे मान खाली घालून परतली. सोबत गेलेल्या यामनाने मात्र खुशाल वळून पाहिलं. झुडपांतून बूश्ताचे दोन पुतणे पोती घेऊन वर चढत होते. तिने सांगितलं, पण इत्तोने ऐकलं नाही. आईला आधीपासूनच पिराचं वावडं, म्हणाली.

पुढच्या गुरुवारी यामनाने लेकीचा हात धरून तिला टोपलीपाशी बसवलं. "बोट फिरव. तुझं आहे का बघ."

इत्तो एकेक कासव चाचपत गेली आणि एकाशी थांबली. उजवीकडे, पुढच्या पायाजवळ.

"हे मातीत विरघळलं होतं ना?" तिने बूश्ताला विचारलं.

तोवर नुझाने बादली आणून बाकीची कासवं धुवायला घेतली होती. दोन-तीन सोडली तर सगळ्यांना खाचा. ती लोकांना म्हणाली, "मी फक्त या टेकडीवरची खुणावली. पीर नवी पाठवत असता, तर खूण नसलेलीच जास्त निघाली असती. तीच ती येताहेत, कारण टेकडीवर आता थोडीच उरली आहेत, आणि तीच ती तुम्हाला विकली जाताहेत."

"खाचा पिरानेच पाडल्या," बूश्ता म्हणाला.

नुझाने पिशवीतून कानस काढली. "ही पिराची का? मग माझ्याकडे कशी?"

आधी पुदिनावाल्या हसल्या, मग सगळा बाजार हसला. पुतण्यांनी काढता पाय घेतला. बूश्ता जेलाबा झटकत उठला आणि तुमची श्रद्धाच कच्ची, असं पुटपुटत टोपली तिथेच टाकून गेला. एवढीच त्याची सिद्धी.

इत्तो एकटी बसून होती. "मग आई, माझा रोग कुठे गेला?"

"कुठेच नाही, बाळा. तुझ्याच छातीत आहे."

यामना गर्दीकडे वळली. "पिराचं नाव घ्या, मी अडवत नाही. पण कुणी चमत्कार विकायला आणला, तर विकत घेण्याआधी त्याच्यावर एक खूण करा आणि तो कुणाच्या टोपलीत परत येतो ते पाहा. आणि दवाखान्याने दिलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका."

दवाखान्याच्या गावाला जाणारी गाडी सुटायच्या बेतात होती. इत्तो उठली आणि आईची वाट न पाहता गाडीकडे चालू लागली.