तिसरा खडा

आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झाले आणि माझी ड्युटी सुरू झाली. पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेली. तिथं माल पास-नापास करायचे, आता घरी माझ्या पोळ्या. एकदा तर खरंच जाडी मोजायचा व्हर्नियर लावून म्हणाले, "शैलजा, ही पोळी एका बाजूनं अर्धा सूत जाड आहे." मी ती पोळी गाईला घातली आणि ह्यांना भात वाढला. कणीक मळायला बसले, की मागून आवाज, "सरक, मी करतो." फोडणी, नळ, शेजाऱ्यांचं कुलूप, सगळीकडे "सरक, मी करतो." सात महिन्यांत मी इतकी सरकले, की पुढे भिंतच होती.

म्हणून कांचघर मोहल्ल्यातल्या मुलांच्या क्लबाला मोठ्या वयाचा एक लीडर हवा असल्याचं कळताच मीच फॉर्म आणला. दर रविवारी तीन तास, बिनपगारी. तीन तास! मला आनंदानं रडूच कोसळायचं बाकी होतं. हेही खूश. फॉर्मसाठी ओमतीच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले, कारण पहिल्या फोटोत टाय वाकडा होता. जेवताना मात्र ताटाकडे पाहत म्हणाले, "सात महिन्यांत कोणी काही विचारलं नाही मले. ती पोरं विचारतील ना गं?" मला एकदम वाईट वाटलं. मी न मागता वरण वाढलं.

क्लब चालवणारी अंजनी दीदी पंचविशीतली पोरगी, बोलायला गोड पण नियमाला पक्की. "अंकलजी, यहाँ सारा काम बच्चे करते हैं. लीडर बस साथ रहता है." एक रविवार परीक्षेचा. लीडरनं मुलांच्या हातचं काम ओढून घेतलं, की बरणीत एक खडा. तीन खडे पडले, की फॉर्म परत. बरणी अकरा वर्षांच्या अवंतीकडे. दोन वेण्या, आणि चेहरा थेट न्यायाधीशाचा.

परीक्षेला मीही गेले आणि मैदानाच्या कडेला ओट्यावर बसले. धाकधूक ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त, कारण हे नापास झाले तर परत माझ्याच घरी येणार होते.

पहिला खडा चौथ्या मिनिटाला पडला. वेदांग नावाचा बारका पोरगा बुटाची लेस बांधत होता. हे वाकलेच. "सरक, मी करतो." टण्ण. दुसरा काकडीपायी. पोरी काकडीचे इतके जाड काप करत होत्या, की ह्यांचा जीव कासावीस झाला. टण्ण.

"अहो, हात खिशात घाला!" मी ओट्यावरून ओरडले.

"आजी," अवंती शांतपणे म्हणाली, "बाहेरून सांगायचं नाही."

मग तंबू आला. पोरांनी खुंट्या ठोकल्या त्या उलट्या, डोकी तंबूकडे झुकलेली. दोरीला जरा ताण बसला, की उपटणारच. हे मला लांबूनही कळलं. ह्यांना तर पहिल्याच ठोक्याला कळलं असणार. चेहरा लाल, ओठ गच्च, दोन्ही हात खिशात कोंबलेले. पस्तीस वर्षं माल तपासलेला माणूस आतल्या आत उकळत होता आणि मला त्यांची दयाही येत होती, हसूही.

"दादाजी, आप अंदर बैठके देखो ना," वेदांग म्हणाला.

हे मुकाट्यानं आत जाऊन बसले. तेवढ्यात काकडीच्या सालींच्या वासानं कोणाची तरी बकरी आली, दोरीत पाय अडकवून उधळली, आणि तंबू बसला. मधोमध एक उंचवटा तेवढा उरला. तो उंचवटा म्हणजे आमचे हे.

मी धावले. "अहो, काही लागलं का?"

"नाही," उंचवटा म्हणाला.

"मग बाहेर काहून येऊन नाही राहिले?"

"पोरांचं काम सुरू आहे. तू सरक."

पोरं भांडली. एकानं बकरीला दोष दिला, एकीनं वाऱ्याला. वारा नव्हताच. वेदांग खुंटी हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग कापडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "दादाजी, खूँटी उल्टी लगी थी क्या?"

मी डोळे मिटले. आता पडतोय तिसरा खडा.

उंचवटा एकदा पुढे सरकला आणि परत मागे बसला. मग आतून आवाज आला, "तुझे क्या लगता है, बेटा?"

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पोरांनी ह्यांना आत ठेवूनच तंबू पुन्हा उभा केला. चाळीस मिनिटं लागली. हे बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते, केसांत गवत, आणि बरणीत खडे दोनच.

अंजनी दीदीनं क्लबाचा निळा स्कार्फ ह्यांच्या हातात दिला. ह्यांची बोटं घामानं निसटत होती, गाठ काही बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. अवंतीला राहवलं नाही. "सरका आजोबा, मी करते!"

सगळ्यांची नजर बरणीकडे. अवंतीनं जीभ चावली. मग खाली वाकून एक खडा उचलला आणि आपल्याच हातानं बरणीत टाकला. टण्ण.

ह्यांनी गाठ स्वतःच बांधली. स्कार्फ चांगला दोन बोटं वाकडा बसला. तसाच मिरवत ते माझ्याकडे आले आणि छाती काढून उभे राहिले.

माझा हात पुढे गेलाच होता. मी तो पदराखाली घेतला आणि म्हटलं, "चला, छान दिसून राहिले तुम्ही."